जुन्या अम्युझमेंट पार्कला जाताय? मग दिवस असा लावा

जुन्या पार्कात पण लोक नव्या पार्कात गेल्यासारखेच जातात, आत शिरले की सगळ्यात उंच राईडच्या रांगेत, आणि शंभर वर्षांचा लाकडी रोलर कोस्टर नाहीतर मेरी-गो-राउंडचे हाताने कोरलेले घोडे राहतात शेवटी, पाय दुखायला लागल्यावर. तसं करू नका प्लीज, जुनं ते आधी बघा.

निघायच्या आधी नुसत्या वेळा बघून थांबू नका, तिथली सगळ्यात जुनी राईड त्या दिवशी चालू आहे का ते विचारून घ्या. अशी बरीच पार्कं सीझनपुरतीच उघडतात आणि जुनी मशिनरी दुरुस्तीसाठी मधेच बंद असते. मी एकदा न विचारता गेले आणि ज्या घोड्यांसाठी एवढा प्रवास केला त्यांच्यावर ताडपत्री होती, अजून हळहळ वाटते. तिकिटाचंही बघा, व्हिएन्नाच्या प्राटरमध्ये आत जायला पैसे नाहीत, राईडचे तेवढे द्यायचे, बाकी ठिकाणी दोन्ही वेगवेगळे असू शकतात.

गेट उघडलं की थेट लाकडी कोस्टरकडे. सकाळी गर्दी कमी असते, पुढे बसा म्हणजे समोरचं सगळं दिसतं. चढावर जो कट-कट-कट आवाज येतो ना, तो बऱ्याच जणांना साखळीचा वाटतो, पण तो गाडी मागे घसरू नये म्हणून एकेका दात्यावर पडणाऱ्या खटक्याचा असतो, म्हणजे तो आवाज तुमच्या सेफ्टीचाच आहे, नीट ऐका. कोपनहेगनचं तिवोली १८४३ सालचं, तिथल्या १९१४ च्या कोस्टरवर आणि मेलबर्नच्या लुना पार्कमधल्या १९१२ च्या कोस्टरवर ब्रेक लावणारा माणूस गाडीवरच असतो! अशी राईड मिळाली तर उताराकडे नाही, त्याच्या हातांकडे बघा. पाठीचा त्रास असेल तर मधे बसा, चाकाच्या बरोबर वरची सीट टाळा.

मग घोडे. लगेच चढू नका, आधी बाहेर उभं राहून एक फेरी पूर्ण बघा. घोड्याची बघणाऱ्यांकडची बाजू भरगच्च कोरलेली असते, आयाळ, झूल, कधी काचेचे खडे, आणि आतली बाजू बरीच साधी, कारण ती कुणाला दिसतच नाही. ब्रिटनमध्ये हे चक्र घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं म्हणून सजवलेली बाजू डावी, अमेरिकेत उलटं फिरतं म्हणून उजवी. सगळ्यात मोठे घोडे बहुतेक बाहेरच्या रांगेत असतात, तिथेच बसा. शेजारी जुना ऑर्गन वाजत असेल तर बाजूला जाऊन बघा, काहींमध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची लांबलचक घडी आत सरकत असते आणि त्या भोकांवरून सूर वाजतात, मला तर तिथून हलवत नाही.

दुपारी खाणं, सावली, आराम.

दिवे लागायच्या वेळी आकाशपाळणा. प्राटरचा १८९७ चा, एकदम संथ. न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या १९२० च्या वंडर व्हीलमध्ये २४ पैकी १६ पाळणे रुळांवर आतबाहेर घसरतात, त्यामुळे भीती वाटत असेल तर स्थिर पाळण्याची रांग कुठली ते आधी विचारा.

आणि निघायच्या आधी तोच कोस्टर परत, आता मागच्या सीटवर. दिवसभर चालून चाकांचं ग्रीस गरम झालेलं असतं, गाडी सकाळपेक्षा खरंच जोरात पळते. मागे गर्दी नसेल तर उतरल्यावर ऑपरेटरला विचारा, किती वर्षं चालवताय हे म्हणून.