मासळी वाचवण्याच्या नियमांवर बोलताना, लिहिताना, तक्रार करताना या चुका टाळा

मुंबईच्या समुद्रात मासळी कमी झाली, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. सरकारने काहीतरी करायला हवं, हेही सगळे मान्य करतात. गाडी अडते ती त्यापुढे. आमच्या कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीसाठी मी निवेदनं, हरकती आणि तक्रारी लिहून देते. माझ्याकडे नाखवे, म्हणजे बोटींचे मालक, येतात, खलाशी येतात, मासळी विकणाऱ्या बायका येतात आणि अलीकडे समुद्राची काळजी वाटणारी शहरातली मुलंही येतात. कळकळ सगळ्यांची खरी असते. तरी चुका वर्षानुवर्षं त्याच, आणि त्यांच्यापायी चांगले नियम कागदावरच राहतात.

टोपलीत फूटपट्टी घालणं

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, अशी यादी आहे. त्याच महिन्यात पापलेटला राज्य माशाचा दर्जा मिळाला. निर्णय चांगला होता. केरळने हे २०१५ पासून सुरू केलं होतं, आपणच उशीर केला.

आदेशानंतरच्या हंगामात काही मुलं पहाटे एका बंदरावर आली. हातात फूटपट्ट्या, मोबाइलचे कॅमेरे चालू. लिलाव संपत आला होता. एक म्हातारी मावशी वाटे लावायला बसली होती, तिच्या टोपलीत तळहाताएवढी पापलेटं होती. मुलांनी एकेक उचलून मोजायला सुरुवात केली आणि चारचौघांत तिला कायदा सांगितला. ती एवढंच म्हणाली, "अरं पोरा, हा मासा मी पकरलाय का? मी तं लिलावात घेतलाय." कुणी ऐकलं नाही. दुपारपर्यंत तिचा चेहरा शेकडो फोनवर फिरत होता.

पुढचं मी जवळून पाहिलं. त्याच सुमारास सोसायटीत जाळ्याची आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप, वाढवण्याबद्दल बोलणं चाललं होतं. दोन मोठे नाखवे कधी नव्हे ते तयार झाले होते. तो व्हिडिओ आला आणि बैठकीत विषयच बदलला. आमच्या बायकांना चोर ठरवणाऱ्यांचं आम्ही का ऐकायचं, यावर सगळे उठले. त्या हंगामात आस वाढली नाही. ज्या पिलांसाठी मुलं आली होती, ती पिलं पुढे कित्येक महिने त्याच जाळ्यात येत राहिली.

मासा टोपलीत येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. खरं तर तो बोटीवर येतो तेव्हाच निघून गेलेली असते. जाळ्यात दाबून, ओढून वर आलेलं पापलेटाचं पिलू बहुधा मेलेलंच असतं. नियमाला घाबरून ते पाण्यात फेकलं तर समुद्राला काही मिळत नाही आणि खलाशालाही नाही. नियम पाळला जातो तो जाळ्यात. लहान मासा पाण्यातच निसटला, तरच.

म्हणून मला कुणी आकारमानाबद्दल विचारलं, तर मी आधी जाळ्याची आस विचारते. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेायच्या जाळ्याच्या, टोकाच्या पिशवीला ४० मिलिमीटरची चौकोनी आस हवी, असं मत्स्यशास्त्रज्ञ कधीपासून सांगत आलेत. त्यातला 'चौकोनी' हा शब्द महत्त्वाचा. नेहमीची शंकरपाळी आस ओढ बसली की मिटते, आणि कागदावर ४० असलेलं भोक पाण्यात जवळजवळ बंद होतं. चौकोनी आस उघडी राहते. माझी सवय अशी: जाळं ओलं असताना सलग दहा आस ताणून मोजायच्या आणि दहाने भागायचं. एकच आस मोजली की नाखवा सर्वांत मोठी दाखवतो.

डोळीचं, म्हणजे एका जागी बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचं, गणित मात्र वेगळं आहे, आणि ते समजून न घेता बोलणाऱ्यांशी माझं पटत नाही. वर्सोवा, मढ, गोराई, उत्तन या पट्ट्यात डोळ भरती-ओहोटीच्या ओढीवर उभी राहते. जवळा आणि बोंबील हे तिचं उत्पन्न. आस मोठी केली तर जवळा एकही लागणार नाही, आणि जवळ्यावर कितीतरी घरं चालतात. पण त्याच बारीक जाळ्यात पापलेटाची पिलंही अडकतात, हेही तितकंच खरं. इथे एकच आकडा ठोकून चालत नाही. पिलं ज्या महिन्यात ज्या जागी येतात, तेवढ्यापुरती तिथली डोळ उचलायची, असं गावाने मिळून ठरवावं लागतं. तांडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांना, त्या जागा आणि ते आठवडे पाठ असतात. त्यांना न विचारता लिहिलेला नियम मी हरकत घेऊन परत पाठवते, आणि यापुढेही पाठवीन.

शिवाय १३५ मिलिमीटर हा किमान आकडा आहे. पापलेट पहिल्यांदा अंडी घालतं ते याहून बरंच मोठं झाल्यावर. १४० मिलिमीटरचं पापलेट विकत घेऊन आपण समुद्रावर उपकार केले, असं कुणी समजू नये.

बंदीचे ६१ दिवस पाळले की झालं, असं मानणं

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. यंत्र नसलेल्या पारंपरिक होड्यांना ती लागू नाही. ही बंदी हवीच. पण तिच्यामागे बाकी सगळे नियम लपवले जातात. १ ऑगस्टला सगळ्या बोटी एकदम बाहेर पडतात आणि पहिल्या काही आठवड्यांत बारीक मासळीच जास्त येते. दोन महिन्यांत वाढलेलं पंधरा दिवसांत उपसायचं, तर वाट कशासाठी पाहिली? आमचे जुने लोक नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचे. बंदी १५ ऑगस्टपर्यंत न्यावी, ही मच्छीमारांचीच मागणी आहे आणि मला ती योग्य वाटते. घाई करणारे नेहमी डिझेलचे आणि कर्जाचे हप्ते सांगतात. हप्ते खरे आहेत, पण तळहाताएवढं पापलेट मोठ्या पापलेटाच्या भावाच्या आसपासही जात नाही.

आणि बंदीच्या काळात बाहेर जाऊन अपघात झाला, तर नुकसानभरपाई मिळत नाही. हे खलाशाच्या घरी माहीत असायला हवं.

जागा न नोंदवता तक्रार करणं

एका रात्री गावातल्या पोरांना समुद्रात लख्ख उजेड दिसला. एलईडी दिवे लावून मासेमारी चालली होती. ही पद्धत केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंद केली आहे. उजेडाकडे लहानमोठी सगळी मासळी गोळा होते आणि एका फेऱ्यात आख्खा थवा उचलला जातो. पोरं चिडली, व्हिडिओ काढला, गटागटांत पाठवला. तीन दिवसांनी तो माझ्याकडे आला. काळोख, काळोखात पांढरे ठिपके आणि मागे शिव्या. बोटीचा क्रमांक नाही, वेळ नाही, जागा नाही.

संबंधित कार्यालयात आम्ही गेलो. तिथे पहिला प्रश्न आला: किती अंतरावर? किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, एवढा पट्टा राज्याचा. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा. कारवाई कुणी करायची, हे जागेवरून ठरतं. आमच्याकडे उत्तर नव्हतं. पोरं म्हणाली, "जवळच होते." त्यावर कुठली फाइल उभी राहणार? कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि हंगाम संपला. पोरांनी सरकारला शिव्या दिल्या. अधिकाऱ्यांची ढिलाई मला माहीत आहे, तिच्याविरुद्ध मी आयुष्यभर अर्ज लिहीत आले आहे. पण या वेळी आम्ही त्यांच्या हातात काहीच दिलं नव्हतं.

दिलं असतं तर कायद्यात दात आहेत. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम २०२१ मध्ये सुधारला. पूर्वी प्रकरण तहसीलदारांकडे जायचं, आता मत्स्यव्यवसाय विभागाचे अधिकारीच निर्णय देतात. एलईडी मासेमारीला ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने पाहणी सुरू झाली.

म्हणून आता मी प्रत्येक तांडेलाला एकच सांगते: संशयास्पद बोट दिसली की आधी स्वतःच्या जीपीएसच्या पडद्याचा फोटो काढा. त्यात जागा आणि वेळ दोन्ही येतात. मग बोटीचा. नोंदणी क्रमांक वाचता आला तर उत्तम, नाहीतर रंग, बांधणी, कुठल्या दिशेला गेली. पाण्याची खोली वावांत (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) लिहा, कारण ट्रॉलरना ठिकाणानुसार ५ किंवा १० वावांच्या आत मनाई आहे आणि कधी कधी तेवढ्यावरच प्रकरण उभं राहतं. जवळ जाऊन भांडू नका. रात्री समुद्रात जाळी कापण्यापर्यंत गोष्टी जातात आणि मग गुन्हा आपल्याच पोरांवर नोंदवला जातो.

एका वर्षाचा आकडा घेऊन धावणं

२०१९ मध्ये महाराष्ट्रात सुमारे २.०१ लाख टन सागरी मासळी उतरली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीत हा ४५ वर्षांतला नीचांक होता, आदल्या वर्षीपेक्षा ३२ टक्के कमी. तो आकडा आजही प्रत्येक भाषणात येतो. पण त्या वर्षी अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही वादळं एकामागून एक आली आणि ऐन हंगामात बोटी बंदरात बसून होत्या. मासळी कमी उतरली याचा अर्थ प्रत्येक वेळी समुद्रात कमी होती, असा नसतो.

उलट बाजूही तशीच. त्याच संस्थेने २०२२ साठी देशातले १३५ साठे, म्हणजे एकेका भागातल्या एकेका जातीची समुद्रातली मासळी, तपासले आणि ९१.१ टक्के सुस्थितीत असल्याचं सांगितलं. हा आकडा दाखवून ट्रॉलरवाले म्हणतात, बघा, सगळं ठीक आहे. देशभराची सरासरी साऱ्या देशाची असते, माझ्या खाडीसमोरच्या पापलेटाची नसते. मी नाखव्यांना वहीत तीनच गोष्टी लिहायला सांगते: जाळं किती तास पाण्यात होतं, डिझेल किती जळलं, कुठली मासळी किती आली. तेवढीच मासळी आणायला दरवर्षी जास्त तास लागत असतील, तर धोका आहे. आमच्या हरकतीला वजन आलं ते अशा वह्यांमुळे.

'समुद्र आपोआप भरतो' असं समजणं

मुंबईच्याच समुद्रात चपटी, वाळूत राहणारी शेवंड (लॉबस्टर) मिळायची. ट्रॉलरनी ती अंडी धरलेल्या माद्यांसकट ओरबाडली आणि १९९४ पर्यंत तिची मासेमारी कोसळली. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची मासेमारी २ जुलै १९९२ रोजी बंद केली, ती दोन वर्षांसाठी म्हणून. सुमारे तीस हजार लोकांचं काम गेलं. व्यापारी मासेमारी पुन्हा उघडायला २०२४ उजाडलं. वेळेवर न थांबण्याची किंमत एवढी असते.

परदेशातला कोटा उचलून इथे लावा म्हणणं

अमेरिकेचा १९७६ चा मासेमारी कायदा १९९६ मध्ये कडक झाला: घटलेला साठा शक्यतो दहा वर्षांत सावरायचा. २००६ च्या सुधारणेने दरवर्षीच्या पकडीवर मर्यादा आली, आणि तिथले बरेच साठे सावरले. ते वाचून आलेला प्रत्येक हुशार मुलगा मला कोट्याचा आराखडा देतो. तिथल्या बोटी ठरावीक बंदरांत, बऱ्याचदा एकाच जातीची मासळी उतरवतात. आमच्या एका डोळीत वीस जाती येतात आणि मासळी शंभर ठिकाणी उतरते. मोजणार कोण? त्या कायद्यातून घ्यायचं ते वेगळं आहे. साठा सावरण्याची मुदत तिथे कायद्यातच लिहिलेली आहे. आपल्याकडे पापलेटाला राज्य मासा केलं, पण तो अमुक वर्षापर्यंत अमुक एवढा सावरायचा, असं कुठेही बांधून घेतलेलं नाही. मागायचं असेल तर ते मागा.

काही चुका एका ओळीत सांगते.

बोटीची नोंदणी म्हणजे मासेमारीचा परवाना नव्हे. दोन्ही कागद वेगळे, दोन्ही बोटीवर ठेवा.

सगळे पर्ससीनवाले (मासळीच्या थव्याला गोल वेढा घालून खालून आवळायचं मोठं जाळं वापरणारे) बेकायदा आहेत असं लिहू नका. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने त्यांना १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर हा काळ दिला आहे, तेव्हा तक्रार त्याबाहेरच्या मासेमारीची करा.

जाळ्यात कासव किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) आला तर जाळं कापून सोडा. कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची राज्याची योजना आहे, सोडतानाचा फोटो मात्र हवा.

राहिला अर्ज. एका अर्जात एकच मागणी. पाच मागण्या लिहिल्यात तर उत्तर सर्वांत सोप्या मागणीला येतं. अर्ज सोसायटीच्या ठरावासह द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तर आलं नाही, तर त्याच क्रमांकाचा उल्लेख करून पुन्हा लिहा.