देवाला वाहिलेल्या वस्तू आणि प्राचीन इस्राएल: वाचताना या चुका टाळा

बायबलच्या जुन्या करारात देवाला वाहिलेल्या वस्तूंचा उल्लेख आला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा आपल्याकडचा नवस उभा राहतो आणि गोंधळाला तेथूनच सुरुवात होते. इस्राएली धर्मात वस्तू वाहिली की तिची मालकीच बदलत असे आणि ती परत मिळू शकते की नाही, हे ती कोणत्या प्रकारे वाहिली यावर ठरत असे.

त्यामुळे सर्व अर्पणे एकाच मापाने मोजणे ही सर्वांत घातक चूक होय. लेवीय ग्रंथाच्या 27व्या अध्यायाप्रमाणे, वाहिलेले घर याजकाने ठरवलेल्या किमतीत एक पंचमांश भर घालून मूळ मालकाला सोडवून घेता येत असे. माणसाचा नवसही चांदीत फेडता येई. 20 ते 60 वर्षांच्या पुरुषाचे मोल 50 शेकेल (चांदी तोलण्याचे प्राचीन वजन) आणि स्त्रीचे 30 शेकेल होते. त्याच अध्यायाच्या 28व्या वचनात मात्र ‘हेरेम’, म्हणजे देवाला कायमचे वाहून टाकणे, हा निराळा वर्ग येतो. अशा रीतीने वाहिलेला माणूस, पशू किंवा शेत विकताही येत नाही आणि सोडवताही येत नाही, कारण ते परमपवित्र मानले जाते. एखादा उतारा अडला, तर ती वस्तू सोडवता येते का, हे आधी पाहावे.

हा भेद ध्यानात न घेतल्यास शौल राजाची कथा (1 शमुवेल 15) निव्वळ अन्यायाची वाटते. अमालेकी या शत्रू लोकांचे सर्व काही हेरेम करण्याची, म्हणजे येथे संहार करून देवाला वाहण्याची, आज्ञा असताना शौलाने अगाग राजाला जिवंत ठेवले, उत्तम मेंढरे व गुरे राखली आणि ती गिलगालात यज्ञासाठी आणल्याचे सांगितले. सबब धार्मिक वाटते खरी, पण जे आधीच देवाचे झाले आहे ते शौल आपले म्हणून पुन्हा देवाला कसे देणार? शिवाय अनेक यज्ञांत मांसाचा वाटा अर्पण करणाऱ्याकडे परत येत असे, हेही येथे विसरता कामा नये. शौलाला जाब विचारणाऱ्या शमुवेल संदेष्ट्याच्या रागाची धार त्यावरून कळते.

हेरेम म्हणजे केवळ संहार, ही समजूतही अपुरी आहे. यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएलाने जिंकलेल्या यरीहो नगरात माणसे व जनावरे मारली गेली, पण सोने, चांदी, तांबे आणि लोखंड यांची पात्रे परमेश्वराच्या भांडारात गेली. शांततेच्या काळात हेरेम झालेली वस्तू याजकांच्या वाट्याला येत असे (गणना 18:14). आखान या इस्राएली माणसाने यरीहोतून शिनारी (बाबेलचा) झगा, 200 शेकेल चांदी आणि 50 शेकेल वजनाची सोन्याची वीट लपवली, तेव्हा ती देवाच्या मालमत्तेची चोरी ठरली. त्याच्यासह त्याची मुलेबाळे, गुरे आणि तंबूही नष्ट झाले. आजच्या वाचकाला हे असह्य वाटते आणि ते वाटलेच पाहिजे; मात्र अशी वस्तू घरात आणणारा स्वतःच हेरेम होतो, हा नियम (अनुवाद 7:26) माहीत असल्याशिवाय कथेचा तर्क उलगडत नाही.

इफ्ताह या इस्राएली सेनानायकाच्या नवसात बळी गेलेल्या त्याच्या मुलीची कथा हेरेमखाली घालू नये. त्याचा नवस होमबलीचा, म्हणजे पूर्ण जाळून अर्पण करण्याच्या बळीचा होता (शास्ते 11:31).

ही प्रथा केवळ इस्राएलाची होती, असे समजणेही चूक आहे. 1868 मध्ये आजच्या जॉर्डनमधील धिबान येथे सापडलेल्या आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या शिलालेखात, इस्राएलाच्या शेजारच्या मवाब राज्याचा राजा मेशा याने इ.स.पू. 9व्या शतकात नबो हे इस्राएली नगर घेऊन तेथील लोकांना अश्तार-कमोश या आपल्या देवतेसाठी हेरेम केल्याचे नोंदवले आहे.

शेवटची चूक काळाची. बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांचा धर्मशास्त्री एज्रा याच्या काळात तीन दिवसांत यरुशलेमेस न येणाऱ्याची मालमत्ता हेरेम करून त्याला मंडळीतून वेगळे करण्याची आज्ञा होती (एज्रा 10:8). तेथे कोणाच्या वधाची भाषा नाही. पुढे यहुदी समाजात हाच शब्द बहिष्कारासाठी रूढ झाला, म्हणून यहोशवाच्या युद्धकथेतील अर्थ अशा उताऱ्यांवर लादू नये.