मेळघाट ते पांढरकवडा: एचपीव्ही लसीकरणात नव्याने येणाऱ्यांसाठी

वैद्यकीय, परिचर्या किंवा समाजकार्याचे शिक्षण पूर्ण करून जे तरुण विदर्भाच्या ग्रामीण भागातील सामुदायिक दवाखान्यांत रुजू होतात, त्यांना एचपीव्ही लसीकरणाचे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी लस मुलींना देण्याचे, काम सुरुवातीला सोपे वाटते. लस परिणामकारक आहे, वयोगट ठरलेला आहे आणि इंजेक्शन दंडात द्यायचे आहे, तेव्हा शिबिराची तारीख जाहीर केली की मुली येतील, असा त्यांचा समज असतो. मेळघाटातील कोरकू गावे, पांढरकवड्याभोवतीचे कोलाम पोड (कोलामांच्या वस्त्या), यवतमाळ-वाशीमकडचे बंजारा तांडे, पारधी वस्त्या आणि अचलपूर-बाळापूरसारख्या गावांतील मुस्लिम मोहल्ले या सर्व ठिकाणी मला याच्या उलट अनुभव आला. या कामाचा निर्णायक भाग शिबिराच्या कितीतरी आधी, आईवडिलांना समजावून त्यांची संमती घेताना पार पडतो, आणि त्यासाठी जो वेळ काढत नाही त्याच्या शिबिरात लस उरते.

विषयाची वैद्यकीय बाजू थोडक्यात सांगता येण्याजोगी आहे आणि ती प्रत्येकाने पाठ असावी इतकी पक्की करून ठेवावी. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो, आणि त्यातील सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये या विषाणूचे १६ व १८ हे दोन प्रकार कारणीभूत असतात. हा संबंध दाखवून देणारे जर्मन संशोधक हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावतात. लसीत जिवंत विषाणू नसतो. त्याच्या बाह्य कवचासारखी दिसणारी प्रथिने असतात. त्यामुळे लसीतून संसर्ग होऊच शकत नाही. मात्र आधीच झालेला संसर्ग ती बरा करीत नाही, म्हणून संसर्गाची शक्यता सुरू होण्याआधीचे ९ ते १४ हे वय महत्त्वाचे. पाळी सुरू झालेली नाही तर आताच घाई कशाला, असे आजी विचारते तेव्हा तिला हेच सांगायचे असते.

अधिक वेळ द्यावा लागतो तो विश्वासाच्या प्रश्नाला. एका वस्तीवर एका वडिलांनी विचारले होते, “आमच्याच पोरींले काहून देऊन राहिले जी?” हा प्रश्न अडाणीपणातून येतो असे मानणाऱ्याने हे काम करू नये. त्यामागे इतिहास आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत हजारो मुलींना एचपीव्ही लस देण्याचा पथदर्शी प्रकल्प झाला. काही मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. परंतु खम्मममध्ये वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी मुख्याध्यापकांच्या किंवा अधीक्षकांच्या सह्या होत्या, हे उघड झाले आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर शब्दांत टीका केली. लस निर्दोष असूनही संमतीची हेळसांड झाल्यामुळे देशातील या लसीचा प्रवास अनेक वर्षे मागे पडला, असे माझे मत आहे.

म्हणून त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर खरे आणि पूर्ण द्यावे. ही लस जगातील १४० हून अधिक देशांच्या लसीकरण कार्यक्रमांत आहे. नागपूर-पुण्यातील सधन कुटुंबे खासगी दवाखान्यात पैसे मोजून ती आपल्या मुलींना देतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या सर्व्हावॅक या लसीला २०२२ मध्ये देशात मान्यता मिळाली, आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. बार्शीचे उदाहरणही मी आवर्जून सांगते. खम्ममच्या प्रकरणानंतर २०१० मध्ये देशातील एचपीव्ही लसीच्या चाचण्याही थांबवल्या गेल्या, तेव्हा पुणे आणि बार्शीसह अनेक केंद्रांवर चाललेल्या एका मोठ्या अभ्यासातील बऱ्याच मुलींना ठरल्यापेक्षा कमी मात्रा मिळाल्या. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, की एकच मात्रा घेतलेल्या मुलींनाही १६ व १८ या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाले होते. आपल्याच राज्यातील खेड्यापाड्यांच्या मुली दहा वर्षे तपासल्या गेल्या आणि त्या सुखरूप आहेत, ही गोष्ट ऐकल्यावर बैठकीतील आवाज बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अखेरीस या वयोगटासाठी एक किंवा दोन मात्रा पुरेशा मानल्या, त्यामागे या अभ्यासाचाही आधार होता.

वंध्यत्वाची भीती सर्व समाजांत भेटते. लसीचा वंध्यत्वाशी संबंध कोठेही आढळलेला नाही, हे तर सांगावेच. शिवाय कर्करोगाच्या किंवा त्याच्या पूर्वावस्थेच्या उपचारांत गर्भाशयमुखाचा भाग, कधी पूर्ण गर्भपिशवीही काढावी लागते, आणि लस त्यापासूनच मुलीला वाचवते, हेही सांगावे. मुस्लिम मोहल्ल्यांत लसीतील घटकांची चौकशी होते. सर्व्हावॅक आणि गार्डासिल या लसींतील प्रथिने यीस्टपासून मिळवलेली असून त्यांत प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन नसते, ही माहिती माहितीपत्रकासह जवळ ठेवावी आणि मौलवींना बैठकीआधी स्वतंत्रपणे भेटून दाखवावी. संसर्ग कसा पसरतो हे कोणी विचारले, तर ते लपवू नये. बोलण्याची सुरुवात कर्करोगापासूनच करावी, पण विचारणाऱ्या आईला बाजूला घेऊन हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो, लग्न झालेल्या कोणत्याही स्त्रीला तो होऊ शकतो आणि त्यात तिच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही, असे शांतपणे सांगावे. नंतर दुसऱ्याकडून कळले तर आपण फसवले असे वाटते, आणि ते वाटणे रास्त असते.

कोणाशी बोलायचे, हे पुस्तकात मिळत नाही. कोरकू गावांत कुटुंब आजारपणात प्रथम भुमकाकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे, जाते. त्याला टाळून केलेली सभा कोणाच्या मनावर ठसत नाही. तांड्यावर नायकाचा शब्द चालतो, मोहल्ल्यात मशिदीतील वडीलधाऱ्यांचा. तरीही मुलीविषयीचा निर्णय बहुतेक घरांत आई आणि आजी मिळून घेतात, आणि त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलणारी व्यक्ती म्हणजे आशाताई. नव्या डॉक्टरांनी पहिल्या गृहभेटींत बोलणे आशाताईंवर सोपवून आपण बाजूला बसावे, आणि कोणता प्रश्न कोणत्या घरात आला ते टिपून ठेवावे. आशाताईंच्या स्वतःच्या मुलीला लस दिलेली असेल, तर गावात त्याहून मोठा पुरावा लागत नाही.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनामध्ये झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात वाचण्यासारखा आहे. आज मुलीच्या लसी द्यायच्या आहेत, असे सरळ सांगून सुरुवात करायला ज्या दवाखान्यांतील डॉक्टरांना शिकवले गेले, तेथे ११-१२ वर्षांच्या मुलांमधील एचपीव्ही लसीकरण प्रशिक्षण न दिलेल्या दवाखान्यांपेक्षा सुमारे ५ टक्के-अंकांनी जास्त वाढले. लांबलचक चर्चेचे प्रशिक्षण दिलेल्या दवाखान्यांत तशी वाढ दिसली नाही. यातून घेण्यासारखी गोष्ट अशी, की डॉक्टरांनी चाचरत बोलू नये. आपल्याकडे १० व्या वर्षी टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस असतेच. त्याच वेळी एचपीव्हीचा विषय काढला, तर ती वेगळी, संशयास्पद लस राहत नाही. परंतु आपल्याकडे पूर्वी जे घडले आहे ते पाहता केवळ निश्चयी सुरावर भागवणे मला मान्य नाही. शिफारस ठाम असावी आणि संमती पालकांचीच, समजून दिलेली असावी.

आश्रमशाळांमध्ये ही कसोटी लागते. एकाच ठिकाणी योग्य वयाच्या शेकडो मुली असतात, अधीक्षक सहकार्याला तयार असतात आणि एकाच दिवसात काम उरकण्याचा मोह होतो. पालकांच्या सहीशिवाय एकाही मुलीला लस देऊ नये. पालकसभेच्या दिवशी किंवा दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी जातात तेव्हा संमतिपत्रे पोहोचवावीत, ती वाचून दाखवण्याची जबाबदारी त्या त्या गावच्या आशाताईंकडे द्यावी, आणि अंगठा उमटवणाऱ्या पालकासमोर साक्षीदार असावा. ज्या मुलीला स्वतःला नको आहे, तिचेही ऐकावे.

वेळापत्रक शेतीच्या आणि सणांच्या हिशेबाने आखावे लागते. दिवाळीनंतर मेळघाटातील कुटुंबे मजुरीसाठी मैदानी भागात उतरतात आणि होळीला हमखास परततात; तेव्हा होळीचा आठवडा दवाखान्याने मोकळा ठेवावा. रमजानमध्ये मोहल्ल्यात शिबिर घेऊ नये, कारण उपाशीपोटी चक्कर येण्याची शक्यता वाढते. शाळा सोडलेल्या मुली सर्वांत जास्त निसटतात. त्यांच्या वयाचा दाखला नसतो. अशा वेळी अंगणवाडीची जुनी नोंदवही उपयोगी पडते.

प्रत्यक्ष दिवसाविषयी मोजकेच लिहिते. विदर्भाच्या उन्हाळ्यात सर्वांना उष्णतेची धास्ती असते, पण ही लस गोठल्यानेही वाया जाते, म्हणून व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये आइसपॅक फ्रीझरमधून काढल्याबरोबर न ठेवता त्यांना पाणी सुटू लागल्यावर ठेवावेत. मुलींनी काही खाल्ले आहे याची खात्री करावी, त्यांना बसवून लस द्यावी, रांगेतील मुलींना सुई दिसणार नाही अशी खोली निवडावी आणि लसीनंतर अर्धा तास थांबवून घ्यावे. एकीला चक्कर आली की इतरही घाबरतात, म्हणून आडवे होण्यासाठी पडद्याआड जागा असावी. पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेल असलेल्या मुलीला ही लस देता येते, परंतु पुढे काही दिवसांत तिला वेदनांचा झटका आला तर दोष लसीवर येतो. यासाठी तिची नोंद आधी पाहावी, आईला ही शक्यता सांगून ठेवावी आणि पुढच्या आठवड्यात तिच्या घरी स्वतः जावे. ताप आलेल्या मुलीच्या घरी दुसऱ्याच दिवशी पोहोचणारी परिचारिका अफवेला वाव देत नाही.

नकार देणाऱ्या कुटुंबांची वेगळी वही ठेवावी आणि तीत नकाराचे कारण त्यांच्याच शब्दांत लिहावे. पुढच्या भेटीत लसीपासून सुरुवात न करता त्या कारणापासून करावी. यातील बरीच कुटुंबे शेजारच्या मुली वर्षभर धडधाकट वावरताना पाहून आपणहून येतात, पण तोपर्यंत मुलगी पंधराची झालेली असू नये, म्हणून वहीत जन्मवर्षाचा रकाना असावा.

शेवटची सूचना मुलीबरोबर आलेल्या आईविषयी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी २ टक्क्यांहूनही कमी स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतल्याचे आढळले. मुलीची लस पार पडली की आई विश्वासाने बोलते. त्याच दिवशी तिला व्हिनेगरसारख्या सौम्य द्रावणाने होणाऱ्या तपासणीची, म्हणजे व्हीआयएची, तारीख द्यावी. मात्र तपासणीत दोष आढळलेल्या स्त्रीला पुढे कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी आणि कोणाबरोबर पाठवायचे, हे ठरवल्याखेरीज तपासणी सुरू करू नये, आणि तिच्या बसभाड्याची व बुडणाऱ्या मजुरीची सोय दवाखान्याने आधीच लावून ठेवावी.