आजारी माणसाचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवताना

डॉक्टरांनी 'आता घरीच सांभाळा' असं सांगितलं की मुलं कॉटजवळ बसतात आणि विचारतात, 'आबा, आम्हाला काही सांगायचंय का?' एवढा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: एकीनं राहा, आईला सांभाळा, व्यसन करू नका. सत्तर वर्षांत आबा जे शिकले ते असं मागून हाती लागत नाही.

उपदेश मागू नका, प्रसंग मागा. १९७२ च्या दुष्काळात घरी काय शिजायचं? खडी फोडायला कुठल्या रस्त्यावर जायचे? मिलोची लाल भाकरी कशी लागायची? त्या साली दाणे कोणाकडून उसने आणले आणि फेडले कसे? असं विचारलं की कमी बोलणारा माणूससुद्धा पंधरा-वीस मिनिटं बोलतो. उधारीबद्दल, दिलेल्या शब्दाबद्दल, भाऊबंदकीबद्दल त्याला काय वाटतं ते त्यातच येऊन जातं.

सुरुवात लवकर करा. तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर असेल (तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे तो घरोघरी माहीत आहे) तर ऑपरेशनच्या आधीच बसा, नंतर जीभ-जबडा साथ देईलच असं नाही. बऱ्याच घरांत रोग्याला आजाराचं नाव सांगितलेलं नसतं, म्हणून हे काम पुढं ढकललं जातं. त्याची गरज नाही. लहानपणच्या गोष्टी विचारायला मरणाचा विषय काढावा लागत नाही. पण त्यांनी स्वतःहून 'मला काय झालंय?' असं विचारलं तर 'काही नाही, बरे व्हाल' म्हणून उडवून लावू नका. 'तुम्हाला काय वाटतं? डॉक्टरांशी बोलायचं का?' एवढं विचारा आणि ऐका. बहुतेकांना अंदाज असतोच. खोटं बोललात तर पुढच्या गप्पाही वरवरच्याच होतात.

वेळ औषधावर ठरते. मॉर्फिनच्या (तीव्र वेदनेवरच्या औषधाच्या) साध्या गोळीचा असर अर्ध्या तासाच्या आसपास सुरू होतो आणि चारेक तास टिकतो. म्हणून गोळीनंतर पाऊण-एक तासानं बसा. 'जरा जागे राहतील' म्हणून गोळी चुकवू नका, दुखणाऱ्या माणसाला काही आठवत नाही. गोळी नवी असेल किंवा डोस वाढवला असेल तर पहिले दोन-तीन दिवस गुंगी असते, ते जाऊ द्या. सकाळ चांगली. संध्याकाळी काहींचा गोंधळ वाढतो. बोलणं एकाएकी असंबद्ध झालं, माणसं ओळखू येईनात, तर फोन बाजूला ठेवून डॉक्टरांना कळवा. लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, औषधाचा डोस, यातलं काहीही कारण असू शकतं आणि त्यातलं बरंच दुरुस्त होतं.

एका बैठकीला वीस मिनिटं पुरेत, फार तर चाळीस. पाठीमागे उशा लावून अर्धवट बसवा. तोंड कोरडं पडतं म्हणून दर चार-पाच मिनिटांनी चमचाभर पाणी द्या. गिळता येत नसेल तर ओल्या कापसानं ओठ आणि जीभ पुसा.

खोलीतला आवाज हा आपल्याकडचा खरा वैरी. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा कूलर बंद ठेवा म्हणणं हा छळ आहे. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ धरा. दम लागत असेल तर तोंडावरचा टेबलफॅन बंद करू नका, त्या वाऱ्यानं बरं वाटतं. फोन मात्र उशीच्या दुसऱ्या अंगाला ठेवा, म्हणजे माइकवर थेट वारा येणार नाही. तोंडापासून एक वीत अंतर ठेवा. फोनखाली दुहेरी घडी केलेला टॉवेल हवा आणि फोन कॉटवर नको, स्टुलावर हवा. कॉटवर ठेवलात तर प्रत्येक कूस बदलण्याची करकर आवाजात उतरते. फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर बरोबर मोक्याच्या क्षणी चौकशीचा फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं. एक मिनिट रेकॉर्ड करा, कानाला लावून ऐका, मगच सुरू करा. ही एक मिनिटाची चाचणी कोणी करत नाही आणि तासभराची फाइल नुसती घरघरीची निघते. ऑक्सिजन मशीन असेल तर लांब नळी घेऊन ते दारापलीकडे ठेवा. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई-अगरबत्तीही नको, आग भडकते.

प्रश्न एकानंच विचारावेत. मुलापेक्षा नात किंवा भाचा बरा. मुलगा मध्येच रडतो नाहीतर वाद घालतो. 'नाही हो, ते चौऱ्याहत्तर साल होतं' असं म्हणणाऱ्या काकूंना त्या वेळी बाहेर ठेवा आणि त्यांची वेगळी बैठक करा. त्यांच्या आठवणीही तितक्याच मोलाच्या आहेत. उत्तर थांबलं तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहा आकडे मोजा. बरेचदा चांगली गोष्ट त्या थांबण्यानंतरच येते.

बोली बदलायला लावू नका. अहिराणी, लेवा, पावरी, जी तोंडात असेल ती. 'माय, तू धाकली व्हती तवय काय खेये?' असं विचारलं की जे येतं ते 'आई, तुमचं बालपण कसं होतं?' म्हटल्यावर येत नाही. पुण्यातल्या नातवंडांना कळणार नाही म्हणून शुद्ध मराठीत वदवून घेऊ नका, अर्थ नंतर खाली लिहिता येतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्यांनी त्यांच्याच बोलीत उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या.

आता लहानपणच्या स्वप्नांचं. 'शेवटची इच्छा' हा शब्द तोंडातून काढू नका, माणूस गप्प होतो. 'लहानपणी कोण व्हावंसं वाटायचं?' असं विचारा. बायका हमखास म्हणतात, 'आमचं कसलं आलंय स्वप्न!' मग विचारा, 'कोणाचा हेवा वाटायचा?' की शाळेत जाणारी मामेबहीण निघते, कापूस वेचायला जाताना दिसणारी गाडी निघते, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरच्या निंबावर बांधलेला झोका निघतो.

निघालेल्या स्वप्नाचा आज झेपेल एवढा तुकडा शोधा. झोक्यावर बसवता येणार नाही, पण आखाजीची गाणी बहिणींना फोनवर घेऊन म्हणून घेता येतील. इंजिन ड्रायव्हर व्हायचं राहिलं असेल तर भुसावळ स्टेशनवर व्हीलचेअरवरून अर्धा तास गाड्या बघता येतील. बाहेर नेताना एका बाजूचा प्रवास तासाभरापेक्षा जास्त नको. निघण्याआधी पाऊण तास गोळी द्यायची, एक जादा डोस खिशात, डॉक्टरांची चिठ्ठी, डायपर, प्लास्टिकची चादर, दोन उशा. सप्तशृंगगडाचा हट्ट असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नाही म्हणाले तर एकानं जाऊन तिथून व्हिडिओ कॉल लावावा.

खाण्याची इच्छा सगळ्यात सोपी वाटते आणि तिथंच घोटाळा होतो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत हवं असेल तर करा, पण गिळताना ठसका लागत असेल तर घास भरवू नका, अन्न श्वासनलिकेत जातं. ताठ बसवून बोटाच्या टोकाएवढं जिभेवर लावा, वास घेऊ द्या, नंतर अर्धा तास आडवं करू नका. दोन चाटणांवर तृप्त होणारे पुष्कळ असतात. ताट संपवण्याचा आग्रह घरच्यांच्या समाधानासाठी असतो, रोग्याच्या नाही.

बोलण्यात कोणावरचा राग निघेल, बांधाचं भांडण निघेल. मध्ये अडवू नका. शेवटी विचारा, 'हे ठेवायचं का? कोणी ऐकायचं?' कॅनडाचे डॉ. हार्वी चोचिनोव यांनी अशा रोग्यांसाठी बसवलेल्या पद्धतीतही बोलणं लिहून काढून, नीट करून, रोग्यालाच वाचून दाखवतात आणि त्यानं हो म्हटल्यावरच घरच्यांकडे देतात. तसंच करा, आणि तीन-चार दिवसांच्या आत. महिनाभरानं वाचून दाखवायला माणूस शुद्धीवर असेलच असं नाही.

नातवंडांसाठी निरोप हवा असेल तर प्रत्येकाला दोन मिनिटं आणि त्याच्याबद्दलची एकच खरी आठवण. पुढच्या वीस वाढदिवसांचे निरोप करून घेऊ नका. बोलणारा थकतो आणि ऐकणाऱ्या पोराला ते ओझं होतं.

शेतीवाटणी रेकॉर्डिंगमध्ये सांगितली म्हणजे मृत्युपत्र झालं असं समजू नका. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे ते लेखी लागतं, त्यावर सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीदार करू नका.

फाइलला नाव देताना तारीख आधी, मग विषय. साध्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे दहा तासांच्या गप्पाही लहान पेन ड्राइव्हवर मावतात. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन प्रती ठेवा: एक फोनवर, एक गूगल ड्राइव्हवर, एक पेन ड्राइव्हवर दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. पेन ड्राइव्ह वर्षातून एकदा लावून फाइल उघडते का ते बघा.