सुटीवर आलेल्या वैमानिकाची मान आणि लेसरची मात्रा

कोल्हापूर जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावे कमी नाहीत. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीच्या तर नावातच सैनिक आहे. या फौजींपैकी बहुतेक पायदळातले असले, तरी लढाऊ विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसून नोकरी करणारेही त्यांत आहेत, आणि ते सुटीवर आले की आमच्यासारख्या फिजिओथेरपिस्टकडे बहुधा एकच तक्रार घेऊन येतात : मान धरली आहे. युनिटमध्ये त्यांनी ती सांगितलेली असतेच असे नाही, कारण सांगितले तर उड्डाण थांबेल ही धास्ती असते. स्नायू सैल करणाऱ्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगी येणारे औषध घेऊन विमान चालवता येत नाही, त्यामुळे औषधाविना काही होईल का, असे ते विचारतात. कमी तीव्रतेचा लेसर हे त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे. मात्र तो औषधासारखाच मात्रेने द्यायचा असतो, आणि माझ्या पाहण्यात हा उपचार फसतो तो बहुतेक वेळा मात्रेच्या हिशोबातच फसतो.

या मानेवर काय पडते, ते आधी समजून घ्यावे. माणसाचे डोके साधारण ४.५ ते ५ किलोचे असते आणि हेल्मेट व प्राणवायूचा मुखवटा मिळून त्यात दोनेक किलोची भर पडते. लढाऊ विमान ९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट, इतक्या भाराने वळते तेव्हा हेच सात किलो त्रेसष्ट किलोंसारखे मानेवर येतात. शाहू मार्केट यार्डातील तीस किलोंचे गुळाचे दोन रवे डोक्यावर ठेवून मागे वळून पाहावे, तसा हा प्रकार आहे. सरळ मान हा भार बऱ्यापैकी पेलते, पण मागचे विमान पाहण्यासाठी मान वळवून वर केलेली असताना तोच भार आला, की एका बाजूचे लहान सांधे आणि स्नायू भरडले जातात. हेलिकॉप्टरवाल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना एवढा जी-भार सोसावा लागत नाही, परंतु तासन्‌तास पुढे वाकून बसणे, यंत्राचे सततचे कंपन आणि रात्री हेल्मेटच्या पुढच्या बाजूला लावलेली नाइट व्हिजनची दुर्बीण यांमुळे मानेचे मागचे स्नायू विसावतच नाहीत. दुर्बिणीचा तोल साधण्यासाठी हेल्मेटच्या मागे वजन लावले, की पुढचा ओढा कमी होतो, पण एकूण ओझे वाढते. म्हणून रुग्ण कोणते विमान चालवतो, कोणत्या जागेवर बसतो आणि दुखणे कोणत्या हालचालीनंतर सुरू झाले, हे विचारल्याशिवाय लेसरच्या यंत्राला हात लावू नये.

तपासणीत काही गोष्टी आढळल्या, तर लेसर बाजूला ठेवून रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवावे. हाताची पकड ढिली होणे, बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा वाढत जाणे, चालताना पाय लटपटणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, आणि अपघात, विमान आदळून उतरणे किंवा विमानातून आसनासह बाहेर फेकले जाण्याचा प्रसंग, ही ती लक्षणे व कारणे होत. शेवटच्या प्रसंगात मणक्याचे हाड मोडलेले असू शकते, आणि ते नाही अशी खात्री एक्स-रे किंवा स्कॅन करूनच पटवावी लागते. आमच्याकडे आणखी एक खोड आहे : शीर आखडली की तालमीतल्या एखाद्या जाणत्याकडून मान मोडून घ्यायची. तसे काही केले आहे का, हे रुग्णाला स्पष्ट विचारावे, कारण तो आपणहून सांगत नाही. सेवेत असलेल्या रुग्णाला पहिल्याच दिवशी हेही बजावावे, की उपचाराची माहिती युनिटच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास द्यावी लागेल आणि उड्डाणाला तो योग्य आहे की नाही हा निर्णय त्यांचाच राहील, आपला नव्हे.

लेसरने नेमके काय होते? तांबडा आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पेशींतील मायटोकाँड्रियामध्ये शोषला जातो. सायटोक्रोम-सी ऑक्सिडेझ हे तिथले विकर त्याचे मुख्य ग्राहक मानले जाते, आणि त्यातून पेशीचे ऊर्जेचे काम सुधारणे, सूज आणणारी द्रव्ये कमी होणे व वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंचा वेग मंदावणे असे परिणाम होतात. याची सुरुवात १९६७ साली बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांच्या उंदरांवरील प्रयोगांत झाली. भादरलेल्या त्वचेवर रुबी लेसर टाकल्यावर तिथले केस लवकर वाढलेले त्यांना दिसले. मानदुखीपुरते बोलायचे, तर २००९ साली ‘द लॅन्सेट’ने १६ यादृच्छिक चाचण्यांचा, म्हणजे ८२० रुग्णांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. नव्या मानदुखीत उपचारानंतर लगेच, आणि जुन्या मानदुखीत उपचार संपल्यावर २२ आठवड्यांपर्यंत वेदना कमी राहिल्याचे त्यात आढळले. हे रुग्ण नेहमीच्या दवाखान्यांतले होते, नऊ जीचा भार घेणारे नव्हते, हे ध्यानात ठेवून रुग्णाला आशा दाखवावी. हा लेसर शेक देत नाही आणि रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. ‘काही लागलंच नाही’ ही तक्रार ऐकून मात्रा वाढवू नये.

आता मात्रेकडे वळू. यंत्राची तीन माहिती हाताशी असावी : तरंगलांबी, सरासरी शक्ती आणि प्रकाश अखंड येतो की स्पंदांनी. मानेच्या खोल स्नायूंसाठी ७८० ते ८६० नॅनोमीटरचा अखंड लेसर किंवा ९०४ नॅनोमीटरचा स्पंदी लेसर वापरतात. दिलेली ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात, आणि ती म्हणजे वॅटमधील सरासरी शक्ती गुणिले सेकंद. २०० मिलिवॅटच्या प्रोबने, म्हणजे यंत्राच्या त्वचेला टेकवायच्या टोकाने, एका बिंदूवर ४ ज्यूल द्यायचे असतील, तर २० सेकंद लागतात. १०० मिलिवॅटने ४० आणि ५० मिलिवॅटने ८० सेकंद. इथवर सोपे आहे. ९०४ नॅनोमीटरच्या यंत्रावर मात्र अनेकदा शिखरशक्ती, म्हणजे स्पंदाच्या क्षणापुरती असलेली कमाल शक्ती, ठळक छापलेली असते. समजा ती २० वॅट आहे, प्रत्येक स्पंद २०० नॅनोसेकंदांचा आहे आणि सेकंदाला ५,००० स्पंद येतात. या तिन्हींचा गुणाकार केला, की सरासरी शक्ती अवघी २० मिलिवॅट निघते, म्हणजे एका ज्यूलसाठी ५० सेकंद प्रोब धरून ठेवावा लागतो. व्यवसायाच्या सुरुवातीला मी हे २० वॅट खरे धरून प्रत्येक बिंदूला पाच सेकंद देत होतो, म्हणजे एकदशांश ज्यूल, आणि लेसरात काही दम नाही असे दोन-तीन महिने सर्वांना सांगत होतो. यंत्र जुने झाले की त्याची शक्ती उतरते, म्हणून प्रोबची शक्ती शक्तिमापकाने वरचेवर मोजून वहीत लिहून ठेवावी.

लेसर उपचाराच्या जागतिक संघटनेने ठरवलेल्या मात्रांनुसार ७८० ते ८६० नॅनोमीटरसाठी मानेच्या प्रत्येक बिंदूला किमान ४ ज्यूल, आणि ९०४ नॅनोमीटरसाठी किमान १ ज्यूल द्यावा. सुरुवात या किमान मात्रेने करावी आणि दोन-तीन बैठकांनंतर प्रतिसाद पाहून बेताने वाढवावी. मात्रा कमी पडली तर परिणाम होत नाही, आणि फार झाली तरी परिणाम उलट घटतो. जास्त म्हणजे चांगले हा नियम येथे लागू नाही. पहिल्या एक-दोन बैठकांनंतर काहींची मान दिवसभर जड वाटते किंवा थकवा येतो. तसे झाले तर पुढच्या वेळी बिंदू कमी करावेत.

बैठकांचा क्रम त्याच संघटनेने दिला आहे : रोज, असे दोन आठवडे, किंवा एक दिवसाआड, तीन ते चार आठवडे. सुटीच्या मुदतीत दोन्ही बसतात, पण रुग्णाने सुटीच्या पहिल्या दोन दिवसांत यायला हवे. गावची जत्रा, लग्ने आणि जोतिबाचे दर्शन उरकून शेवटच्या आठवड्यात आलेल्यास तीन-चार बैठका देऊन पाठवण्याऐवजी, व्यायाम शिकवून युनिटच्या फिजिओथेरपी विभागाला चिठ्ठी देणे मला अधिक योग्य वाटते.

प्रत्यक्ष बैठकीची तयारी डोळ्यांपासून सुरू होते. हे बहुतेक लेसर ३-बी वर्गातले, म्हणजे ५०० मिलिवॅटपर्यंतचे असतात. त्याहून जास्त शक्तीचे चौथ्या वर्गात मोडतात. अवरक्त किरण दिसत नाही, त्यामुळे डोळे मिटण्याची आपसूक क्रिया होत नाही आणि नेत्रपटल नकळत भाजू शकते. वैमानिकाच्या बाबतीत ही चूक त्याची नोकरीच संपवील. रुग्ण आणि उपचारक या दोघांनीही त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा घालावा. साधा गॉगल चालत नाही. खोलीतील आरसा झाकावा, गळ्यातील साखळी व कानातील दागिने काढून घ्यावेत, दाराला आतून कडी घालून बाहेर सूचना लावावी आणि प्रोब त्वचेला टेकल्यावरच यंत्र सुरू करावे.

रुग्णास पालथे झोपवून कपाळाखाली आधार द्यावा, म्हणजे मान सरळ व सैल राहते. मानेवरचे बाम आणि खोबरेल तेल पुसून त्वचा कोरडी करावी. नंतर बोटांनी चाचपून सर्वांत दुखरे बिंदू शोधावेत आणि ते त्वचेवर खुणेने मांडावेत. लढाऊ वैमानिकांत ते मणक्याच्या दोन्ही बाजूंस, मधल्या मणक्यांच्या लहान सांध्यांवर एका बाजूला जास्त सापडतात. हेलिकॉप्टरवाल्यांत कवटीच्या तळाशी, खांद्याकडे उतरणाऱ्या ट्रॅपिझियस स्नायूच्या वरच्या कडेवर आणि खांद्याचे पाते उचलणाऱ्या स्नायूच्या टोकाशी सापडतात. निदान माझा अनुभव तसा आहे. चार ते बारा बिंदू पुरेसे होतात. प्रोब त्वचेला काटकोनात धरून हलका दाबावा, कारण तिरका धरला तर प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो, आणि दाबल्याने मधली चरबी व रक्त थोडे बाजूला सरून तो खोल पोहोचतो. बिंदूवरचा वेळ पूर्ण होईपर्यंत प्रोब हलवू नये. मानेच्या पुढच्या भागावर, म्हणजे थायरॉइडवर आणि नाडी लागते त्या जागी, लेसर देऊ नये.

जिथे कर्करोग आहे किंवा त्याची शंका आहे, तिथे लेसर देत नाहीत. गोंदलेल्या भागावरही देऊ नये, कारण शाई प्रकाश शोषून तापते आणि चटका बसतो. मानेवर किंवा खांद्यावर गोंदवून घेणारे जवान आता पुष्कळ आहेत. त्वचा सावळी असेल तर पहिल्या बिंदूनंतर गरम वाटते का, ते विचारावे. प्रकाशाला त्वचा हळवी करणारी औषधे चालू आहेत का, हेही विचारणे भाग आहे, आणि फौजींच्या बाबतीत डॉक्सिसायक्लिनचे नाव घेऊन विचारावे : हिवतापाच्या प्रदेशात तैनात असलेल्यांना ते प्रतिबंधासाठी दिले जाते आणि ‘औषध चालू आहे का’ या प्रश्नाच्या उत्तरात ते त्यांना आठवत नाही.

वेदना उतरू लागली, की पाचव्या-सहाव्या बैठकीपासून व्यायाम सुरू करावा. लेसरने मिळालेली सवड त्यासाठीच आहे. मानेच्या पुढचे खोल स्नायू आधी घ्यावेत. रुग्ण उताणा, मानेखाली हवेच्या दाबाची पिशवी पाऱ्याच्या २० मिलिमीटर दाबावर, आणि हनुवटी किंचित आत घेत दाब दोन-दोनने वाढवत ३० पर्यंत नेणे, प्रत्येक पायरीवर दहा सेकंद, असा तो क्रम आहे. मग हाताच्या विरोधात मान न हलवता चारही दिशांना जोर लावणे, आणि त्यानंतर पात्यांचे व्यायाम. कोल्हापूरच्या पोराने लहानपणी तालमीत लाल मातीवर पूल, म्हणजे डोके व पाय टेकवून केलेली पाठीची कमान, घातलेला असतो आणि मान बळकट करायची म्हटले की तो लगेच डोक्यावर उभा राहू पाहतो. कमावलेल्या पैलवानाला तो शोभतो. दुखऱ्या सांध्यांवर तो सगळा भार पुन्हा टाकतो, म्हणून या काळात पूल पूर्ण वर्ज्य ठेवावा.

प्रत्येक बैठकीची नोंद त्याच दिवशी व्हावी : तरंगलांबी, सरासरी शक्ती, बिंदूंची जागा व संख्या, प्रत्येकी सेकंद व ज्यूल, आधीची आणि नंतरची वेदना शून्य ते दहाच्या पट्टीवर, आणि डावी-उजवीकडे मान किती वळते ते अंशांत. पहिल्या व शेवटच्या दिवशी मानेच्या अक्षमतेची दहा प्रश्नांची, पन्नास गुणांची प्रश्नावली भरून घ्यावी. सहा बैठकांनंतरही वेदना व हालचाल या दोन्हींत काही फरक नसेल, तर लेसर थांबवून निदान पुन्हा तपासावे. सुटी संपताना या नोंदींची सही-शिक्क्यासह प्रत रुग्णाच्या हातात द्यावी, आणि ‘लेसर दिला’ एवढेच न लिहिता एकूण ज्यूल, शेवटच्या बैठकीची तारीख, सध्या चालू असलेले व्यायाम आणि पूर्ण मान वळवल्यावर अजून दुखणारी बाजू त्यात स्पष्ट लिहावी, कारण उड्डाणाची परवानगी देण्यापूर्वी वैद्यकीय अधिकाऱ्यास यातली शेवटची गोष्ट आधी पाहायची असते.