मुंबईतून निघालेलं रसायन किती लांब जाईल, हे एक्सेलमध्ये कसं काढायचं

एप्रिलमध्ये आमच्या चेंबूरच्या घरातली खिडकीची चौकट पुसली की फडकं काळंकुट्ट होतं. जुलैत तेच फडकं बऱ्यापैकी स्वच्छ निघतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी पाच आकडे जमवा: हवा, पाणी आणि माती यांतलं अर्धायुष्य (पदार्थ निम्मा उरायला लागणारा वेळ), शिवाय हवा-पाणी आणि ऑक्टेनॉल-हवा ही दोन गुणोत्तरं, म्हणजे पदार्थ दोघांत कसा वाटला जातो ते. ऑक्टेनॉल हा तेलकट द्रव सेंद्रिय पदार्थांच्या जागी धरतात. पदार्थ हवेत किती राहणार आणि मातीला, धुळीला किती चिकटणार, ते या गुणोत्तरांवरून कळतं. शक्यतो मोजलेलेच आकडे घ्या.

अर्धायुष्य सूत्रात थेट घालू नका, 0.693 ने भागून सरासरी आयुष्य काढा. मी पहिल्यांदा हे विसरले आणि सगळी अंतरं 30 टक्क्यांनी कमी आली. आठवडाभराचं काम पुन्हा करावं लागलं.

वारा सेकंदाला 4 मीटर धरा, म्हणजे दिवसाला 345.6 किलोमीटर. टिकाऊ विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात हवेतल्या अर्धायुष्याचा निकष दोन दिवसांचा आहे. 2 ला 0.693 ने भागलं की 2.89 दिवस, म्हणजे जवळपास 1000 किलोमीटर. पण पदार्थ सतत हवेत थोडाच असतो? तो मातीवर बसतो, ऊन तापलं की पुन्हा उडतो. म्हणून पर्यावरणातला त्याचा एकूण मुक्काम गुणिले हवेतला वाटा, असा हिशोब करा. समजा मुक्काम 500 दिवस आणि वाटा फक्त 1 टक्का, तरी हवेतले 5 दिवस, 1728 किलोमीटर. दिल्ली त्याच्या कितीतरी अलीकडे आहे. आणि तिथे पदार्थ संपत नाही, हवेतलं प्रमाण मूळच्या 37 टक्क्यांवर येतं इतकंच. मुक्काम आणि वाटा काढायला ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचं एक्सेलवर चालणारं मोफत साधन आहे.

आता ती खिडकी. जुलैत पाऊस हवेतली धूळ धुऊन काढतो, एप्रिलमध्ये पाऊसच नसतो. असं साधं मॉडेल वर्षाचा पाऊस रोज थोडा थोडा पाडतं. मुंबईत तसा पाऊस पडतो का? जुन्या टीव्हीच्या प्लास्टिकमधलं डेकाबीडीई हे आगरोधक रसायन धुळीला चिकटून फिरतं. मॉडेल त्याला जानेवारीतही धुऊन काढतं आणि अंतर खोटं कमी दाखवतं. अशा पदार्थासाठी जून ते सप्टेंबर आणि उरलेले आठ महिने, अशा दोन वेगळ्या शीट कराच. हेक्साक्लोरोबेंझीन हे जुनं बुरशीनाशक मुख्यतः वायुरूपात असतं, पावसाने फारसं धुतलं जात नाही. त्याला एक शीट पुरते.

आलेल्या अंतराचं वर्तुळ नकाशावर काढू नका, हा आकडा तुलनेपुरताच आहे. त्याच शीटमध्ये एखाद्या पीसीबीचं (लांबवर पसरतात हे आधीच माहीत असलेल्या जुन्या औद्योगिक रसायनांपैकी एकाचं) अंतर काढा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.