एप्रिलमधला ट्राउट: कन्व्हिक्ट लेकवर या चुका टाळा

एप्रिलचा शेवटचा शनिवार जवळ आला की कॅलिफोर्नियातल्या मासेवेड्यांचे फोन सुरू होतात. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पूर्वेकडच्या बऱ्याच तळ्यांवर त्या दिवशी ट्राउटचा मोसम उघडतो. ख्रिसमसच्या चालीवर तिकडचे लोक त्याला ‘फिशमस’ म्हणतात. आमच्या मराठी मंडळींतही दरवर्षी एक-दोन नवे गडी तयार होतात. नवा रॉड, नवं जॅकेट, गाडीत थेपले आणि चिवडा. रविवारी रात्री परत येतात तेव्हा थेपले संपलेले असतात आणि मासा एकही नसतो.

मी स्वतः तीन मोसम असाच हात हलवत परत आलो आहे. त्यामुळे पुढच्या बहुतेक चुका ऐकीव नाहीत.

सगळा अनुभव कन्व्हिक्ट लेकचा. मॅमथ लेक्स गावाच्या थोडं दक्षिणेला, साडेसात हजार फुटांहून उंचावरचं हे हिमनदीने कोरलेलं तळं. खोली सुमारे 140 फूट. 1871 साली नेवाडातल्या कार्सन सिटीच्या तुरुंगातून पळालेले कैदी या खोऱ्यात आले, पाठलागावरच्या लोकांशी त्यांची चकमक झाली, त्यावरून हे नाव पडलं. त्या चकमकीत मेलेल्या रॉबर्ट मॉरिसनचं नाव समोरच्या डोंगराला आहे. हा डोंगर पुढे पुन्हा येईल, कारण त्याच्या सावलीचा आपल्या माशांशी संबंध आहे.

पहाटे चारचा गजर

पहिली चूक हीच. मासेमारी म्हणजे पहाट, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पहिल्या वर्षी मी साडेपाचला काठावर उभा होतो. दोनदा गळ फेकला, तिसऱ्यांदा दोर सुटेचना. रॉडच्या टोकाच्या कडीत बर्फाचा मणी तयार झाला होता. तो नखाने काढायचा, फेकायचं, पुन्हा काढायचा. नऊ वाजेपर्यंत बोटं बधिर, मासा नाही. साडेदहाला एक म्हातारे गृहस्थ थर्मासमधली कॉफी संपवून रमतगमत आले आणि दीड तासात त्यांनी तीन मासे काढले.

कोकणात गरवायला जाणारा माणूस घड्याळ बघत नाही, भरती-ओहोटी बघतो. पाण्याची वेळ असेल तेव्हाच तो खडकावर दिसतो. डोंगरातल्या तळ्याला भरती नाही, पण पाण्याची वेळ आहे. ती तापमानावर चालते.

ट्राउट थंड रक्ताचा. पाणी चार अंशांवर असतं तेव्हा त्याचं पचन मंदावलेलं असतं, भूक कमी, धावपळ नको. रेनबो ट्राउट खरा रंगात येतो तो साधारण 12 ते 16 अंशांना. एप्रिलमध्ये एवढं पाणी मिळतच नाही. पण सकाळी चारवर असलेलं काठचं पाणी उन्हाने दुपारी सहा-सातवर गेलं, तरी मासा जागा होतो. म्हणून अकरा ते चार ही एप्रिलमधली वेळ. पहाट जुलैसाठी ठेवा.

दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर दोरीला बांधून खिशात ठेवा. नव्या रॉडपेक्षा तो जास्त मासे देईल.

लांब फेकण्याची हौस

‘मोठा मासा खोल पाण्यात’ हे वाक्य उन्हाळ्यात खरं आहे, एप्रिलमध्ये नाही. त्याचं कारण पाण्याच्या एका विचित्र स्वभावात आहे. पाणी सगळ्यात जड असतं ते चार अंशांना. हिवाळ्यात बर्फाखाली सर्वांत थंड पाणी वर आणि चार अंशांचं तळाशी असतं. बर्फ वितळला की वरचं पाणी तापत तापत चारवर येतं, वर-खाली एकच तापमान होतं आणि वाऱ्याने सगळं तळं ढवळून निघतं. त्या दिवसांत प्राणवायू सगळीकडे सारखा असतो. माशाला खोल जायचं काही कारण उरत नाही. ऊब मिळते ती काठाला, उथळ पाण्यात, गडद रंगाच्या तळावर. खाणंही तिथेच. चिलटांच्या जातीच्या किड्यांच्या आळ्या आणि कोष हे या दिवसांतलं त्याचं मुख्य अन्न, आणि ते उथळ गाळातून वर येतात.

म्हणजे आपण कमरेइतक्या पाण्यात उतरून चाळीस यार्ड लांब फेकतो तेव्हा मासा आपल्या पाठीमागे असतो. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. काठापासून दहा-बारा फुटांवर, गुडघाभर पाण्यात, दोन रेनबो संथ चालले होते आणि त्यांच्या डोक्यावरून माझा दोर पलीकडे गेलेला होता.

पहिला गळ काठाला समांतर टाका. पाण्यात पाय घालण्याआधी दोन पावलं मागे उभं राहून टाका.

कोणता काठ?

बहुतेक लोक गाडी जिथे लागते तिथेच खुर्ची मांडतात. एप्रिलमध्ये अर्धा निकाल तिथेच लागतो.

दक्षिणेकडे मॉरिसनचा कडा आहे. त्याच्या पायथ्याच्या काठावर ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. उत्तरेचा काठ दक्षिणेकडे तोंड करून असतो, त्याला दिवसभर ऊन. दोन्हीकडच्या पाण्यात एका अंशाचाच फरक असेल, पण चार आणि पाच यांतला एक अंश या माशाला कळतो.

दुसरी गोष्ट वारा. दुपारी वारा सुटला की लोक आडोशाला जातात. जाऊ नका. वारा वरचं तापलेलं पाणी आणि त्यावर तरंगणारे किडे ढकलत समोरच्या काठाला नेऊन साठवतो. तोंडावर वारा घेऊन उभं राहायला नको वाटतं, फेकलेला गळ अर्ध्यात पडतो, पण अर्ध्यातच पडायला हवा आहे! टोपीची पट्टी आवळा आणि तिथेच उभे राहा.

तळ्याच्या वरच्या टोकाला ओढा येऊन मिळतो. रेनबोचा अंडी घालण्याचा काळ वसंतातला, त्यामुळे ते ओढ्याच्या तोंडाशी गोळा होतात. ब्राऊन ट्राउटचं उलट, तो शरदात अंडी घालतो. मात्र ओढ्याचं पाणी म्हणजे नुकताच वितळलेला बर्फ, त्यामुळे ऐन प्रवाहात टाकण्यापेक्षा प्रवाह आणि संथ पाणी जिथे भेटतात त्या कडेला टाकावं. आणि तळाच्या खडीत खड्डे उकरून बसलेल्या जोडीवर गळ टाकू नये. त्यांना त्यांचं काम करू द्या.

आमिषाचा लाडू

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळ्यात जास्त मासे इथेच सुटतात.

या तळ्यात मुळात ट्राउट नव्हताच. आजूबाजूच्या ओवेन्स खोऱ्यातले मूळ मासे वेगळे, ट्राउट माणसाने आणून सोडला. आजही हॅचरीतले, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले मासे ट्रकने आणून सोडतात. ते गोळ्यांच्या खाद्यावर वाढलेले असतात, म्हणून पॉवरबेटसारख्या वासाच्या रंगीत कणकेला भुलतात. तळ्यातच जन्मलेला आणि मुरलेला ब्राऊन त्या कणकेकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला गांडूळ किंवा छोट्या माशासारखा दिसणारा लूर लागतो. आपण कोणाला बोलावतोय ते आधी ठरवा.

कणकेची जोडणी अशी: मुख्य दोरात सरकतं वजन, मग स्विव्हल म्हणजे फिरती कडी, पुढे लीडर म्हणजे दीड-दोन फुटांचा वेगळा बारीक दोर, शेवटी लहान गळ. वजन तळाला बसतं, कणीक तरंगते आणि लीडरच्या लांबीइतकी वर उभी राहते. तळावर शेवाळ फूटभर असेल आणि लीडर सहा इंचांचा, तर तुमचं आमिष गवतात लपलेलं आहे. दिवसभर बसा, कोणी येणार नाही.

नवा माणूस कणकेचा पेढ्याएवढा गोळा करतो. वाटाण्याएवढा पुरतो. गळ झाकला गेला की झालं. आणि फेकण्याआधी पायाशी पाण्यात सोडून बघा की तो तरंगतो आहे का. गळ जाड असेल तर एवढासा गोळा त्याला घेऊन बुडतो. मग गोळा मोठा करू नका, गळ बारीक घ्या. ही पाच सेकंदांची तपासणी मी दोन वर्षं केली नव्हती.

दोर जाड असणं हा पुढचा घोळ. बर्फाचं पाणी काचेसारखं स्वच्छ असतं. आठ-दहा पौंडांचा (म्हणजे तेवढा ताण झेलणारा) दोर माशाला लख्ख दिसतो. चार पौंडांचा लीडर घ्या. थंडीत नायलॉन ताठरतो आणि रीलवरून जिलबीसारखी वेटोळी घेऊन उतरतो, मग हलका चावा टोकापर्यंत पोचतच नाही. सकाळी दोर थोडा बाहेर काढून हाताने ताणून घ्या.

चाव्याबद्दलही सांगायला हवं. जुलैमधला ट्राउट रॉड ओढून नेतो. एप्रिलमधला आमिष तोंडात घेऊन विचार करत बसतो. त्याला वजन जाणवलं की थुंकतो. म्हणून फेकल्यावर दोर हलकासा ढिला ठेवायचा, आणि तो सरकायला लागला की तीनपर्यंत मोजून रॉड उचलायचा. हिसका नको.

लूर वापरत असाल तर रील जितकी हळू फिरवता येईल तितकी फिरवा, मग त्याच्या निम्म्याने फिरवा. दोन फेरे, थांबा. बहुतेक वेळा मासा थांबलेल्या लूरलाच घेतो.

नकाशावरचा जवळचा रस्ता

बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून निघणाऱ्यांसाठी. नकाशावर योसेमिटीतून टायोगा पासने सरळ रेघ दिसते. तो पास 9,943 फुटांवर आहे आणि एप्रिलमध्ये बर्फाखाली बंद असतो. सोनोरा पासही बंदच. हायवे 50 किंवा 88 ने डोंगर ओलांडून हायवे 395 वर यावं लागतं. गाडीत चाकांच्या साखळ्या हव्यात. लॉस एंजेलिसवाल्यांचं बरं आहे, त्यांना 395 सरळ वर आणतो.

निघण्याआधी तळं उघडं आहे का ते विचारा. 2022-23 च्या हिवाळ्यात मॅमथ माउंटनच्या मुख्य लॉजपाशी 715 इंच बर्फ पडला होता. अशा वर्षी तारीख मोसमाची असते, तळं मात्र हिवाळ्यातच असतं. त्यातून लेक मेरीसारखी वरची तळी तर उशिराच मोकळी होतात.

परवान्याचं थोडक्यात: 16 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतो. 2023 पासून तो घेतल्या दिवसापासून 365 दिवस चालतो, त्यामुळे ‘जानेवारीपासूनचे पैसे फुकट’ ही तक्रार संपली. किती मासे, कोणतं आमिष, हे नियम तळ्यागणिक बदलतात. त्या त्या वर्षीचे वाचूनच जा.

बर्फावर पाऊल

काठाला चिकटून बर्फाची लादी राहिलेली असते. तिच्यावर उभं राहून मोकळ्या पाण्यात गळ टाकायचा मोह होतो. टाकू नका. वसंतातला बर्फ जाड दिसला तरी आतून उभा चिरलेला, पोकळ असतो.

याच तळ्यात 19 फेब्रुवारी 1990 रोजी बर्फ फुटून सात जण गेले. जवळच्या एका छावणीतली तीन मुलं, आणि त्यांना काढायला धावलेली चार मोठी माणसं. पोहता येणं तिथे कामाचं नाही. इतक्या गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वासच ताब्यात नसतो. पुढची दहाएक मिनिटं हातपाय चालतात, मग बोटांना दोरीही धरवत नाही. होडीत असाल तर लाइफ जॅकेट अंगावर हवं, बाकाखाली नव्हे. कोणी पडलंच तर मागे बर्फावर धावू नका. दोरी, फांदी, रॉड, काहीही पुढे करा आणि 911 ला फोन लावा.

मासा हातात आल्यावर

सोडायचा असेल तर हात आधी पाण्यात बुडवून ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जिथे बोटं लागली तिथे नंतर बुरशी धरते. फोटोसाठी बर्फावर ठेवणं तर अजिबात नको, कल्ले गोठतात. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता दोर तोंडापाशी कापा.

खायचा असेल तर लगेच पोट काढा. पाठीच्या कण्याला लागून काळपट लाल रेघ दिसते, ते मूत्रपिंड. अंगठ्याचं नख आतून कल्ल्यांपर्यंत सरळ फिरवलं की ती निघून येते. राहिली तर कडू लागते, आणि मग लोक मसाल्याला नावं ठेवतात. खवले इतके बारीक की काढायची गरज नाही. आतडी काठावर टाकू नका. एप्रिलमध्ये अस्वलं उठलेली असतात आणि भुकेली असतात. कॅम्पवरच्या लोखंडी पेटीत मासाच नव्हे, टूथपेस्टसुद्धा ठेवायची.

हळद, मीठ, लिंबू आणि वरून रव्याचा हलका हात. मालवणी मसाला मी डब्यात घालून नेतो आणि दरवेळी तसाच परत आणतो. बांगड्याला तो पेलतो, ट्राउटला नाही.